वाचकांचे प्रश्न : गावातल्या सभागृहात इटालियन सिनेमाचा दिवस

या अंकासाठी एकाच विषयावरची पत्रं निवडली आहेत. तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या छोट्या चित्रपट महोत्सवात एक अख्खा दिवस इटालियन चित्रपटांना द्यायचा आणि चित्रपट संपल्यावर दिग्दर्शकाशी, जाणकाराशी चर्चा ठेवायची, असा बेत बऱ्याच ठिकाणी शिजतो आहे. पत्रं काटछाट करून देत आहोत.

प्रश्न : वाचनालयातर्फे आमचा तीन दिवसांचा महोत्सव आहे. रविवार इटालियन चित्रपटांचा. समितीने पाच चित्रपटांची यादी केली आहे. लोकं टिकतील का? की दोनच दाखवावे? — शिक्षिका, लाखांदूर तालुका, जि. भंडारा

पाच नकोत. दोन थोडे होतात. तीन घ्या.

झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाला उभं राहतं आणि कोंबडा आरवेपर्यंत माणसं हलत नाहीत. तेव्हा तुमच्या प्रेक्षकांच्या बैठकीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. फरक डोळ्यांचा आहे. नाटकात मान वळवून शेजारणीशी बोललं, पोराला पाणी पाजलं, तरी संवाद कानावर पडत राहतो. सबटायटलच्या चित्रपटात नजर हटली की वाक्य गेलं. हे सततचं वाचन माणसाला थकवतं, चित्रपट नाही. दिवसभरात पडद्यासमोरचा वेळ सव्वापाच तासांच्या आत ठेवा आणि मधल्या सुट्ट्या मोकळ्या हाताने द्या.

आमची निवड अशी. सकाळी दहाला ‘ले क्वात्रो वोल्ते’ : मायकेलअँजेलो फ्रामार्तिनो, २०१०, ८८ मिनिटं. दक्षिणेकडच्या कालाब्रिया प्रांतातला म्हातारा शेरडं राखणारा, मग बकरीचं पिल्लू, मग झाड, मग त्या झाडाचा कोळसा. संवाद जवळजवळ नाहीत, म्हणजे सबटायटलचा प्रश्नच मिटला. दिवसाची सुरुवात याने केली की प्रेक्षक आधी पडदा बघायला सरावतो, वाचायची पाळी नंतर येते. चित्रपट संथ आहे, हे आधीच सांगून टाका. मात्र त्यात एका कुत्र्याचं, दगडाचं आणि छोट्या ट्रकचं एक लांबलचक सलग दृश्य आहे. तिथे अख्खं सभागृह हसतं. त्याची वाट बघत लोक बसतात.

जेवणानंतर दीडला ‘बायसिकल थीव्ज’ : व्हित्तोरियो दे सिका, १९४८, ८९ मिनिटं. जेवणानंतरची ही वेळ झोपेची, म्हणून इथे सरळ गोष्ट असलेला चित्रपट. नोकरीसाठी सायकल लागते, सायकल गहाण पडलेली, ती सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. पहिल्या दहा मिनिटांत एवढं कळलं की पुढे कोणी डुलकी घेत नाही. गहाणाच्या दुकानात चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले दिसतात. त्या दृश्यावर चर्चेत थांबा, इथल्या बायांना त्यावर बोलायला खूप असतं.

सव्वाचारला ‘लाझ्झारो फेलिचे’ : अलिचे रोरवाखर, २०१८, १२७ मिनिटं. जगापासून तोडून ठेवलेल्या एका वाडीतली माणसं मालकिणीच्या तंबाखूच्या शेतात बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, राबतात. बटई कायद्याने कधीच बंद झाली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. मेझाद्रिया म्हणतात ती ही पद्धत इटलीत १९८२ च्या कायद्याने मोडीत निघाली. फ्रान्समधल्या कान महोत्सवात या चित्रपटाला पटकथेचं पारितोषिक मिळालं. ठेक्याने, बटईने शेती करणाऱ्या प्रेक्षकासमोर हा चित्रपट दाखवताना प्रस्तावना दोन मिनिटांपेक्षा जास्त करू नका. अर्ध्यानंतर गोष्ट अचानक वेगळ्याच काळात उडी मारते. ते आधी फोडून सांगितलं तर मजा जाते, आणि काहीच सांगितलं नाही तर लोकांना वाटतं रीळ बदललं. ‘मध्ये एक उडी आहे, ती चूक नाही’ एवढंच म्हणा.

तिन्ही मिळून ३०४ मिनिटं, पाच तासांच्या किंचित वर.

तारीख ठरवताना दिवाळीनंतरच्या मंडयांचे (गावोगावच्या जत्रांचे) आणि नाटकांचे दिवस टाळा. धानाचं चुरणं आटोपलेलं असावं. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य बरा. आणि रविवार हा तुमच्या गावच्या बाजाराचा दिवस असेल तर शनिवार घ्या. बाजाराशी कोणताही सिनेमा जिंकत नाही.

प्रश्न : एर्मान्नो ओल्मींचा ‘द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज’ दाखवावा असा आमच्याकडे आग्रह आहे. शेतकऱ्यांचा चित्रपट आहे म्हणतात. — समुद्रपूर, जि. वर्धा

चित्रपट फारच मोलाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं लोम्बार्दीतलं खेडं, पिकाचा दोन तृतीयांश वाटा मालकाचा, भूमिका करणारी माणसं बेर्गामोकडची खरी शेतकरी कुटुंबं आणि बोली त्यांचीच. कानचा सर्वोच्च पुरस्कार १९७८ मध्ये. पण लांबी तीन तासांच्या वर आहे. तो घेतला तर त्या दिवशी दुसरा एकच चित्रपट ठेवा, तोही ९० मिनिटांचा. मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी द्या, पण घड्याळ बघून दृश्य चिरू नका. आदल्या दिवशी बघून, दीड तासाच्या आसपास जिथे ऋतू पालटतो तिथली वेळ लिहून ठेवा.

एक इशारा. डुक्कर कापण्याचं दृश्य त्यात खरं आहे आणि बराच वेळ चालतं. माळकरी मंडळी, लहान मुलं बसलेली असतील तर सुरुवातीलाच सांगा, ज्यांना उठायचं ते उठतील. न सांगता दाखवलं की पुढची चर्चा त्याच दृश्यावरून भांडणात जाते.

प्रश्न : इंग्रजी सबटायटल आमच्या लोकांना चालणार नाहीत. मराठी कशी करायची? एकाला टायपिंग येतं. — पुसद, जि. यवतमाळ

या कामाला दिवस कमी लागतील असं धरूनच बहुतेक समित्या फसतात. दीड तासाच्या बोलक्या चित्रपटाला हजाराच्या आसपास ओळी असतात. दोघांनी रोज तीन तास दिले तरी भाषांतर, वेळ जुळवणं आणि तपासणी मिळून दोन आठवडे धरा.

इंग्रजी सबटायटलची एसआरटी फाइल ही साधी मजकुराची फाइल असते : क्रमांक, सुरू-संपायची वेळ आणि खाली मजकूर. वेळेला हात न लावता मजकूर तेवढा मराठी करायचा. त्यासाठी ‘सबटायटल एडिट’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३२ ते ३५ अक्षरं. कोणतीही पाटी दीड सेकंदापेक्षा कमी नको. सबटायटलची सवय नसलेला माणूस सेकंदाला दहा-बारा अक्षरं आरामात वाचतो. पात्र त्याहून भरभर बोलत असेल तर वाक्य छाटा. ‘मी तुला कालच सांगितलं होतं की तिथे जाऊ नकोस’ याचं ‘कालच सांगितलं, जाऊ नको’ होतं. छाटायला जीव होत नाही तो भाषांतरकार चांगला असला तरी इथे उपयोगाचा नाही.

तुमच्या टायपिंगवाल्याला पहिला प्रश्न विचारा : कृतीदेवमध्ये टाइप करतो की युनिकोडमध्ये? कृतीदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर सबटायटल फाइलमध्ये टाकला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधीच टाइप झालं असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदललेलं पुन्हा वाचा. रफार आणि पहिली वेलांटी तिथेच जागा सोडतात. फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं किंवा चौकोन.

आता प्लेअर. जुन्या आवृत्त्यांमध्ये जोडाक्षरं फुटतात. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा एक शब्द पहिल्या पाटीत टाकून बघा, तो नीट दिसला तर बाकी सगळं दिसेल. फुटत असेल तर व्हीएलसीची नवी आवृत्ती घ्या आणि सेटिंगमध्ये नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता असा ठसठशीत फॉन्ट द्या. बारीक शेपट्यांचे फॉन्ट लांबून वाचता येत नाहीत. रंग पांढरा, कडेला काळी रेघ. कृष्णधवल चित्रपटात पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं हरवतात, तिथे मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी चालू करा.

मग वेळ न जुळण्याची भानगड. ती दोन प्रकारची असते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच दोन सेकंदं मागे-पुढे असेल तर व्हीएलसीमध्ये जी आणि एच ही बटणं आहेत, एका दाबाला ५० मिलिसेकंदांनी सबटायटल सरकतात. पण सुरुवातीला बरोबर आणि जसजसा चित्रपट पुढे जाईल तसतशी फट वाढत असेल, तर तुमची चित्रफीत आणि सबटायटल वेगवेगळ्या गतीची आहेत : एक सेकंदाला २४ चौकटींची, दुसरी २५ ची. ८९ मिनिटांच्या चित्रपटात शेवटी साडेतीन मिनिटांचा फरक पडतो. ‘बायसिकल थीव्ज’मधला बाप पोराला घेऊन स्टेडियमबाहेर उभा असतो आणि खाली भलतीच वाक्यं. ही फट बटणाने भरत नाही. सबटायटल एडिटमध्ये ‘फ्रेम रेट बदला’ असा पर्याय असतो, तिथे २४ वरून २५ किंवा उलट करा. म्हणून तपासणी करताना पहिली पाच मिनिटं नाही, शेवटची पाच मिनिटं बघा.

चित्रपट कुलूपबंद प्रतीत आला आणि सबटायटल बदलायची सोय नसली तर वेगळा मार्ग आहे. पडद्याखाली दीड फूट उंचीची काळ्या कापडाची पट्टी लावायची, दुसऱ्या छोट्या प्रोजेक्टरवरून तिच्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी टाकायची. काळ्यावर अक्षर मंद वाटलं तर राखाडी कापड घ्या. संगणकावर पॉवरपॉइंटची एकेक पाटी, माणूस चित्रपट बघत बघत बटण दाबतो. हा माणूस चित्रपट तीनदा बघितलेला हवा.

भाषेबद्दल : प्रमाण मराठी ठेवा, पण पुस्तकी नको. बापाच्या तोंडी वऱ्हाडी घालायचा मोह आवरा. रोमचा मजूर यवतमाळचा वाटायला लागला की लोक हसतात, आणि नको तिथे हसतात. लिराचे रुपये करू नका. ‘सिन्योरा’ला ‘बाई’ चालतं.

सभागृहात वाचता न येणारी म्हातारी माणसं बरीच असतील तर एका माणसाने माइकवर वाचून दाखवण्याची पद्धत वापरा. एकच आवाज, सगळ्या पात्रांसाठी, अभिनय न करता, मूळ आवाजाच्या किंचित मागून. नाटकात काम करणारा कलाकार बसवाल तर तो अभिनय करणारच. त्यापेक्षा भागवत किंवा ग्रामगीता वाचायची सवय असलेली व्यक्ती बरी. तिचा माइक चित्रपटाच्या आवाजापेक्षा थोडाच वर ठेवा.

प्रश्न : चाचणी घेतली तेव्हा ओठ एक हलतात, आवाज दुसराच येतो. साउंडवाला म्हणतो कॉपी खराब आहे. फेलिनींचा ‘ला स्त्रादा’ लावला होता. — चिखली, जि. बुलडाणा

कॉपी बहुधा चांगली आहे. त्या काळातले इटालियन चित्रपट चित्रीकरण झाल्यावर स्टुडिओत आवाज भरून पुरे व्हायचे. ‘ला स्त्रादा’ १९५४ चा. त्यातला पहिलवान झांपानो म्हणजे अँथनी क्वीन आणि तारेवरचा विदूषक म्हणजे रिचर्ड बेसहार्ट, दोघंही अमेरिकन चित्रपटांतले नट. पडद्यावरचं त्यांचं इटालियन दुसऱ्यांच्या आवाजातलं आहे. ओठ जुळणारच नाहीत. ‘बायसिकल थीव्ज’मध्येही आवाज नंतरच भरलेला आहे.

तरीही तुमच्या यंत्रणेत दोष नाही हे तपासून घ्या. ओठांकडे बघू नका. दार आपटणं, हातोडा पडणं, टाळी असे आवाज बघा. ते चित्राशी जुळत असतील तर सगळं ठीक. तेही मागून येत असतील तर पहिला संशय ब्लूटूथवर. लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत ब्लूटूथ जोडलं असेल तर आवाज एक-दोन दशांश सेकंद किंवा त्याहूनही मागे पडतो. वायर लावा. वायर लावूनही फरक राहिला तर व्हीएलसीत जे आणि के या बटणांनी आवाज सरकवता येतो.

आणि चर्चेच्या सुरुवातीला हे प्रेक्षकांना सांगून टाका. नाहीतर मागच्या रांगेतून कोणीतरी ‘ओ साउंडवाले!’ म्हणून ओरडणारच.

प्रश्न : मंगल कार्यालय मिळालं आहे, टिनाचं छत, तीन बाजूंनी खिडक्या. प्रोजेक्टर बिछायत केंद्रवाला देतो म्हणतो. काय काय बघावं? — कार्यालय चालकाचे मित्र, वरुड, जि. अमरावती

दिवसाचा उजेड हा पहिला शत्रू. खिडक्यांना चादरी लावून भागत नाही, चादरीतून ऊन गाळून येतं. तुमच्याकडे मिरची-टरबुजाच्या वाफ्यांवरचा मल्चिंग पेपर सहज मिळतो. चांदेरी बाजू बाहेर, काळी बाजू आत, दोन पदरी लावा. बाहेरची बाजू ऊन परतवते, आतली उजेड गिळते. फळ्यांवर ताणून बसवा, वाऱ्याने फडफडला तर शांत दृश्यात त्याचाच आवाज येतो. बाहेर पडायची दारं मात्र बांधून टाकू नका. तिथे कापडाचे दुहेरी पडदे, फूटभर एकमेकांवर येणारे. वरची हवा खेळायची झरोकी उघडी ठेवा, दोनशे माणसं टिनाखाली बसली की फेब्रुवारीतही घाम फुटतो.

प्रोजेक्टरचे ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, विचारा, आणि दिव्याचे तास विचारा. खोक्यावर ३००० लिहिलेला, पण हजारो तास लग्नांत वापरलेला प्रोजेक्टर निम्म्या उजेडावर आलेला असतो. बारा फूट रुंद पडद्यासाठी ४००० च्या खाली जाऊ नका. बारा फूट रुंदीला उंची पावणेसात फूट येते. साध्या भिंगाचा प्रोजेक्टर रुंदीच्या दीडपट अंतरावर, म्हणजे अठरा फुटांवर ठेवावा लागतो, तो बरोबर मधल्या रस्त्यात येतो. तिथल्या वायरला अडखळून कोणीतरी पडणार हे गृहीत धरून ती टेपने जमिनीला चिकटवा.

पडद्याची खालची कड किती उंच, याकडे कोणाचंच लक्ष नसतं आणि सबटायटलच्या चित्रपटात सगळं त्यावरच असतं. सतरंजीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून तीन फुटांवर येतं. कड साडेचार फुटांवर हवी. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, मधे खुर्ची टाकायला कोणालाही मुभा नाही. छत अकरा फुटांवर असेल तर पडदा दहा फूट रुंद करा, पण खाली आणू नका. अक्षराची उंची पडद्यावर तीन इंच ठेवली तर पन्नास फुटांवरून वाचता येतं.

चित्राचा आकार बघून ऑपरेटर नक्की चूक करतो, म्हणून आधीच सांगून ठेवा. ‘बायसिकल थीव्ज’ जवळजवळ चौकोनी आहे. डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या राहणारच. त्या घालवायला चित्र ताणलं की माणसं बुटकी, जाडी होतात. ‘लाझ्झारो फेलिचे’ तर सुपर १६ फिल्मवर चित्रित झाला आहे आणि चौकटीचे कोपरे गोलसर दिसतात. ते मुद्दाम ठेवलेले आहेत. प्रोजेक्टर बिघडला म्हणून झूम करून कोपरे कापू नका.

आवाज. लग्नाचे डीजे बॉक्स नकोत. जुन्या चित्रपटांचा आवाज मधल्या सुरांत असतो, त्यात जाड बास चढवला की टिन दणाणतं आणि शब्द बुडतात. पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभे स्पीकर, कानाच्या पातळीच्या थोडे वर. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापा. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. आवाज रेंगाळत असेल तर मागच्या भिंतीला जाड सतरंज्या किंवा गाद्यांची खोळ टांगा. माणसं भरल्यावर घुमणं आणखी कमी होतं. स्पीकरमधून ‘घूं’ असा सलग आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर अर्थिंगचा घोळ आहे. लॅपटॉप, प्रोजेक्टर, मिक्सर तिन्ही एकाच बोर्डावरून घ्या.

लाइन जाणार. जाते हे धरूनच चाला. प्रोजेक्टर तीन-साडेतीनशे वॅट घेतो, साउंड पाच-सातशे. पंखे-दिवे वेगळे ठेवले तर तीन केव्हीएचा जनरेटर पुरतो. तो इमारतीच्या मागे, शंभर फुटांवर, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरने. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपला मध्ये एक केव्हीएचा यूपीएस हवा. दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना एकदम बंद पडला की थंड व्हायला वेळ मागतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. स्वस्त जनरेटरची वीज हेलकावते, त्यामुळे यूपीएस सारखा बॅटरीवर जातो आणि अर्ध्या तासात मान टाकतो. ही चाचणी आदल्या दिवशी पूर्ण भारावर, निदान एक तास घ्या.

प्रश्न : फुकट दाखवतो आहोत, तिकीट नाही. तरी परवानगी लागते का? — तुमसर, जि. भंडारा

लागते. घरगुती डीव्हीडी किंवा मोबाइलवरच्या वर्गणीची परवानगी घरात बघण्यापुरती असते. तिकीट नसलं तरी सार्वजनिक खेळाला हक्कदाराचं पत्र हवं. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्या हिशोबाने १९४८ च्या चित्रपटाची मुदत २००८ अखेर संपते. पण तुमच्या हातातली प्रत, तिची सबटायटल यांच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क असू शकतो, म्हणून प्रत देणाऱ्याकडून लेखी घ्याच.

दुसरी बाब सेन्सॉरची. सार्वजनिक खेळासाठी प्रमाणपत्र लागतं, महोत्सवांना माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागता येते. चित्रपटांची यादी, लांबी, कथासार आणि संयोजकांची माहिती जोडून अर्ज निदान दीड-दोन महिने आधी करा. सूट दिल्याच्या पत्रात प्रेक्षकांच्या वयाची अट आहे का ते वाचल्याशिवाय शाळेची मुलं आणून बसवू नका.

विचारणा कुठे करावी : मुंबईतली इटालियन सांस्कृतिक संस्था, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म सोसायट्यांचा महासंघ. पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला पत्र द्या. रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा नाही, हे तर ठाऊकच आहे.

प्रश्न : इटलीतल्या दिग्दर्शकाला व्हिडिओ कॉलवर आणायचं आहे. आमच्याकडे नेटवर्क येतं-जातं, इटालियन कोणालाच येत नाही. जमेल का? — आर्वी, जि. वर्धा

जमतं, पण सगळ्यात जास्त मोडतं तेही हेच.

आधी माणूस. नामवंत दिग्दर्शक क्वचित उत्तर देतात. चित्रपटाच्या निर्मिती संस्थेला किंवा परदेश विक्री बघणाऱ्या कंपनीला दोन महिने आधी ईमेल करा : खुर्च्या किती, प्रवेश मोफत की कसा, गाव कुठे, बोलणं किती मिनिटांचं. छायालेखक, संकलक, तरुण माहितीपटकार जास्त सहज मिळतात, आणि ‘हे दृश्य कसं घेतलं’ याचं उत्तर तेच चांगलं देतात. दे सिका १९७४ मध्ये वारले, तेव्हा जुन्या चित्रपटासाठी मराठी दिग्दर्शक किंवा अभ्यासकच हवा. त्याच्या शेजारी झाडीपट्टीचा किंवा दंडार या लोकनाट्याचा एखादा कलाकार बसवा. ‘बायसिकल थीव्ज’चा नायक लाम्बेर्तो माज्जोरानी कारखान्यातला कामगार होता. शिकवून तयार केलेल्या नटापेक्षा असा माणूस पडद्यावर काय वेगळं करतो, यावर त्या दोघांचं बोलणं रंगतं. भारतात हे चित्रपट १९५२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दिसले आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला, हा धागा वक्त्याला आधी द्या. शेतकरी प्रेक्षक तिथून आपोआप बोलता होतो.

वेळ : हिवाळ्यात इटली आपल्या साडेचार तास मागे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास. तुमचे सायंकाळचे साडेसहा म्हणजे त्यांचे दुपारचे दोन. ‘लाझ्झारो’ सहा वाजून बावीस मिनिटांनी संपतो, चहा होतो, मग कॉल. याहून लवकर बोलावलं तर पाहुणा जेवणावर असतो.

नेटवर्क : दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे हॉटस्पॉट, एक चालू, एक तयार. चाचणी आदल्या रविवारी त्याच वेळी घ्या, कारण सायंकाळी सगळं गाव मोबाइलवर असतं आणि सकाळच्या चाचणीला अर्थ राहत नाही. अडकायला लागलं की आधी आपलं चित्र बंद करा, मग त्यांचं. आवाज शेवटपर्यंत जपा. पाहुण्याकडून दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रित बोलणं आधीच मागवून त्यालाही मराठी सबटायटल लावून ठेवा. कॉल मेलाच तर ते चालवा, लोक निराश होऊन जात नाहीत.

प्रतिध्वनी : पाहुण्याचा आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि त्याला स्वतःचंच बोलणं अर्ध्या सेकंदाने ऐकू येतं. लॅपटॉपचा अंगचा माइक बंद करा. सभागृहाचा एकच माइक यूएसबी साउंड कार्डातून लॅपटॉपला द्या आणि पाहुणा बोलत असेपर्यंत तो बंद ठेवणारा एक माणूस नेमा. दुसरं काहीच काम त्याला देऊ नका.

भाषा : इटालियनवरून थेट मराठी करणारा मिळाला तर नशीब. बहुधा पाहुणा इंग्रजीत बोलेल आणि तुम्ही मराठी कराल. पाहुणा इटालियनमध्ये, मग इंग्रजी, मग मराठी अशी दोन पायऱ्यांची रचना असेल तर तीस मिनिटांत खरं बोलणं दहाच मिनिटांचं होतं. पाहुण्याला आधी कळवा : तीन वाक्यं, मग थांबा. पाऊण तासात आठ-नऊ प्रश्न होतात, त्याहून जास्तीचा आव आणू नका.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, चहाच्या वेळी. सारखे प्रश्न एकत्र करा, तीन-चार इंग्रजी करून ठेवा. ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली’ ही चिठ्ठी बाजूला ठेवली तरी पाप लागत नाही. ‘बकऱ्या कॅमेऱ्याकडे का बघत नाहीत’, ‘ती माणसं खरोखर तंबाखू लावणारी होती का’ अशा चिठ्ठ्या वर काढा. बायांच्या बाजूला माइक फिरवायला मुलगीच ठेवा, आणि पहिला प्रश्न तिकडूनच घ्या. नाहीतर पुढच्या रांगेतले दोन-तीन जण प्रश्न म्हणून भाषण करतात आणि पाऊण तास तिथेच संपतो.

प्रश्न : सत्कार कधी ठेवावा? आमदार येणार आहेत. — आर्णी, जि. यवतमाळ

सकाळी दहाच्या चित्रपटाआधी, शाल-श्रीफळासकट दहा मिनिटं. चित्रपट आणि चर्चा यांच्या मध्ये अजिबात नको. उशिरा आले तर जेवणाच्या सुट्टीत.